छाट

निपाणीच्या गुरुवारच्या बाजारात
मिरचीच्या ढिगांपासून चार पावलांवर
चन्नाप्पाची निळी ताडपत्री.
‘बर्री अक्का, बर्री’ – आणि पुढचं मराठीत.
तापाची, अंगदुखीची, साखरेची,
आणि एक नुसतीच लाल, जी कशावरही चालते.
आख्खी पट्टी कोण घेत नाही.
कात्री फिरते, दोन दोन, चार चार,
तारखेचं टोक शेवटपर्यंत त्याच्याच चिमटीत राहतं.
मग ते कुठं जातं, मी कधी पाहिलं नाही.

मी मेडिकलात काउंटरला. अठरा वर्षं.
खरं तर हसायला थांबलो होतो.
उन्हात वाकलेल्या पट्ट्या,
बोट लावलं की आत भुगा वाजतो,
सरबतासारखा रंग सुटलेला खोकल्याचा काढा.
म्हटलं, लोक काय काय गिळतात.

आणि सूर्य दिसला.

निळ्या बॉलपेनचा, सात किरणांचा,
सातवा आखूड, कारण तिथं पट्टी संपते.
माझा.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की मीच काढून ठेवतो,
अक्षर न येणाऱ्या बायकांसाठी:
सूर्य म्हणजे सकाळी, कोर म्हणजे निजताना.
इथं तो मधोमध कापलेला,
अर्धा चन्नाप्पाच्या डब्यात,
अर्धा मल्लव्वाच्या तळहातावर.
तंबाखूनं पिवळा झालेला तो हात मी ओळखतो.

‘प्रेशरचीच न्हवं ही?’ तिनं मलाच विचारलं.
‘तुमचा सूर्य हाय म्हणून घेतली.
तुमच्याकडं उधारी वाढलीया, यायला लाज वाटती.’

दिवाळीआधी आम्ही कपाटं झाडली होती.
तीन खोकी. कंपनी परत घेईना.
मालक म्हणाले, रद्दीत घाल.
इरगोंडानं तागडीत टाकली, पुठ्ठ्याच्या भावानं,
म्हणाला, कागलला जातंय, लगदा करत्यात.
सुतळीची गाठ मीच मारली. वर चहा पाजला.
कोगनोळीच्या नाक्यावर माणसाला अडवतात,
कुठनं आला, कुठं चालला.
खोकी गेली असतील, आली असतील,
किंवा गेलीच नसतील कुठं,
गल्ली ओलांडून थेट ताडपत्रीवर.

मी मल्लव्वाला सगळं सांगितलं.
तिनं पट्टी उलटी केली, सुलटी केली.
राग आला असता तर बरं झालं असतं.
‘म्हंजी ही छाट,’ ती म्हणाली.
‘आमच्या हजारातली शंभर बिडी मुकादम छाटतो.
पान फाटलंय म्हणतो, तोंड नीट न्हाई म्हणतो.
पैसं कापतो.
आनी छाटल्याली बिडी फेकत न्हाई ओ, ती बी इकतो.
मला वाटलं, औषधाचं तसं नसंल.’

मी होत्या तेवढ्या सूर्याच्या पट्ट्या विकत घेतल्या.
एकशे चाळीस झाले.
चन्नाप्पानं दहा सोडले, ‘तुम्ही दुकानवाले, आपलेच.’

रात्री परसात बसून एकेक गोळी फोडली,
बादलीत टाकली. पाणी चुन्यासारखं झालं.
बायको म्हणाली, ओतणार कुठं?
गटार ओढ्याला जातं, ओढा वेदगंगेला,
आणि नदी पुढं नाका न विचारता जाते.
बादली अजून तिथंच आहे, वर फळी ठेवून.

मल्लव्वा परवा आली.
उधारीचं मी काढलं नाही, तिनंही नाही.
मी नवी पट्टी दिली, सवयीनं सूर्य काढलेली.
तिला अक्षर येत नाही, पण आकडा येतो:
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
आयुष्यात एक चुकलेला नाही.
अठरा वर्षांत हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.
तिचं बोट आता सूर्यावर थांबत नाही.
कडेला जातं.